कारणाचा रकाना

३ सप्टेंबर २००३, बुधवार

औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिलेली ही डायरी आठ महिने कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज मला राग आलाय आणि तो ऐकायला धारवाडजवळच्या उणकलमधल्या या नव्या घरात माझ्याशिवाय कोणी नाही. शेजारच्या प्लॉटवर अजून पाया खणताहेत.

झालं असं. आमच्या हॉस्पिटलात दोन महिन्यांपूर्वी आलेले डॉ. राघवेंद्र (वय बत्तीस, बोलणं अगदी हळू) सकाळच्या राउंडनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, पुरुषांच्या वॉर्डात ज्यांना लघवीची नळी घातलीय, त्यांतल्या पुष्कळ जणांना पाच-सहा दिवसांनी थंडी वाजून ताप येतोय. लघवीत जंतू सापडताहेत. हे थांबवता येतं." ते कानडीत बोलतात, मी इथे मराठीत लिहितेय, पण झोंबायचं ते दोन्ही भाषांत सारखंच झोंबतं.

पुरुषांचा वॉर्ड म्हणजे माझा वॉर्ड. बावीस वर्षं मी त्याची इनचार्ज आहे. फरशीत तोंड दिसतं. ट्रस्टी पाहुण्यांना घेऊन येतात ते माझ्याकडे, समोरच्या बायकांच्या वॉर्डात नाही. तिथे रेश्मा सिस्टरचं राज्य, आणि पलंगाखाली केळीची सालं.

डॉक्टरांनी एक रजिस्टर दिलं. रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखलेत. पेशंटचं नाव, नळी घातल्याची तारीख, ताप, आणि शेवटी एक रुंद रकाना: नळी आज का आहे? तो रोज भरायचा, प्रत्येकाच्या नावापुढे.

मी म्हटलं, "लघवी होत नाही म्हणून नळी. रोज रोज काय लिहायचं?"

"ते घालायचं कारण झालं. ठेवायचं कारण रोज नव्याने विचारायचं. सापडलं नाही तर त्याच दिवशी काढायची. जितके दिवस नळी आत, तितका धोका जास्त."

बरं म्हटलं. डिसेंबरअखेर मी रिटायर होणार. चार महिने कारणं लिहीन, माझं काय जातं?

६ सप्टेंबर, शनिवार

रजिस्टर सुरू आहे. सात नळ्या, सात कारणं. माझं म्हणणं, पेशंट घरूनच जंतू घेऊन येतात. तरी माझ्या हाताखालच्या सगळ्या नर्स मुलींना पुन्हा तंबी दिली. नळीला हात लावण्याआधी साबणाने हात, नंतरही हात. पिशवी रिकामी करायचं भांडं प्रत्येकाचं वेगळं. नळी आणि पिशवी यांचा जोड सोडायचा नाही. सरस्वती मान डोलावते आणि करतेही. बाकीच्या नुसत्या मान डोलावतात.

माझ्या वॉर्डाचं वेळापत्रक घड्याळाला लाजवतं. साडेतीनला हणमंत बादली घेऊन येतो. पन्नाशीचा माणूस, माझ्याबरोबरच या वॉर्डात म्हातारा होत चाललाय. फरशी पुसण्याआधी तो पलंगांच्या दांड्यांना लटकलेल्या लघवीच्या पिशव्या काढून पेशंटच्या पायांशी ठेवतो, वर चादर ओढतो. फिनेलचं पाणी पिशवीला लागत नाही. चारला भेटायला लोक येतात, तेव्हाही पिशव्या वरच राहतात, आणि सहाला लोक गेले की पुन्हा खाली. हा नियम माझा. मी इनचार्ज झाले त्या वर्षी एका म्हाताऱ्याची नवी सून भेटायला आली होती. सासऱ्याची पिवळी पिशवी समोर लोंबताना बघून ती पोर पदर तोंडावर घेऊन बाहेर पळाली, आणि म्हातारा दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून माझ्या वॉर्डात भेटायच्या वेळी पिशवी दिसत नाही. ही गोष्ट डॉक्टरांच्या रजिस्टरात कुठल्या रकान्यात बसते?

९ सप्टेंबर, मंगळवार

काल अकरा नंबरच्या पलंगावर नवीन पेशंट आले. विठ्ठलराव, धारवाडच्या मळमड्डीत राहणारे, रिटायर पोस्टमास्तर, वय शहात्तर. सकाळी फाटकातलं वर्तमानपत्र उचलायला वाकले आणि पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. उद्या ऑपरेशन. हलता येत नाही म्हणून नळी घातली. कारण लिहायला सोपं.

मी नळी घालताना ते छताकडे बघत म्हणाले, "सिस्टर, छत्तीस वर्षं लोकांच्या पाकिटांना लाख लावून सील केली. आता माझ्यावर वेळ आली बघा."

मी कधी पेशंटसमोर हसत नाही. आज हसले.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी वत्सला बंगळूरला. तिचा फोन वॉर्डातल्या टेबलावर आला, लांब तार ओढून रिसीव्हर मीच त्यांच्या कानाशी धरला, म्हणून ऐकलं. ती वडिलांना म्हणत होती, "अप्पा, दसरा झाला की पुढच्या रविवारी, बारा तारखेला येते. तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत असलात तर मळमड्डीत राहा, मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर माझ्याबरोबर यायचं. या वेळी ऐकणार नाही."

फोन ठेवल्यावर विठ्ठलराव मला म्हणाले, "बंगळूरात तिचा सहावा मजला. तिथे मी करणार काय? लिफ्टने खाली जायचं आणि लिफ्टने वर यायचं. मळमड्डीत फाटकाशी खुर्ची टाकून बसलो की जाणारा-येणारा निदान विचारतो तरी, काय पोस्टमास्तर, चहा झाला का? मला बारा तारखेला उभं करा, सिस्टर. बाकी काही मागत नाही."

करू की, म्हटलं. महिना आहे हातात.

१३ सप्टेंबर, शनिवार

ऑपरेशन छान झालं. काल खुर्चीत बसले, आज वॉकर धरून सहा पावलं टाकली. सहावं टाकताना मला म्हणाले, "सुखरूप पोचलो म्हणून घरी तार करा."

डॉ. राघवेंद्र खूश. म्हणाले, "सिस्टर, अकरा नंबरची नळी आज काढा. एक-दोन दिवसांत घरीही पाठवता येईल. वॉकर देऊ, मळमड्डीला व्यायाम करून घेणारा माणूस येईल."

मी म्हटलं, "इतकी काय घाई? शहात्तर वर्षांचं माणूस आहे, अशक्त आहे. घरात करणारं कोणी नाही. राहू द्या दोन दिवस."

त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं. मग म्हणाले, "तुमचा अनुभव मोठा. कारण लिहा."

मी लिहिलं: अशक्तपणा.

चारला लोकांची झुंबड उडाली. अकरा नंबरला भेटायला कोणी नसतं, म्हणून मीच स्टूल घेऊन जरा बसले. माझा चहा तिथेच मागवला, त्यांचाही. त्यांनी मला वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचून दाखवल्या. त्या वाचायचीही एक कला आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. पायाशी चादर सरकली होती, ती पिशवीवरून नीट ओढून दिली आणि सहाला उठले. रेश्मा दारातून बघून गेली. बघेना का.

१५ सप्टेंबर, सोमवार

कारण: अशक्तपणा. काल रविवार, मला सुट्टी होती. तरी चारला जरा जाऊन आले. रजिस्टर भरायचं राहिलं असतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अशक्तपणा.

आज त्यांनी विचारलं, "अंबूताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं, "तुमच्याच मळमड्डीतली." मग सगळंच निघालं. मी नर्सिंगला गेले तेव्हा बाबांनी घराचं दार बंद केलं. परक्यांची घाण काढणारी मुलगी त्यांना नको होती. मी होस्टेलवरून दर आठवड्याला पत्र टाकायची आणि ते पाकीट न फोडता परत यायचं. घेण्यास नकार, असं लिहिलेलं. अकरा पत्रं परत आली. बारावं मी टाकलं नाही. भाऊ पुण्याला आहे, त्याचं दिवाळीला कार्ड येतं. हे मी तीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना का सांगितलं कोण जाणे.

विठ्ठलरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "नकार दिलेली पत्रं परत पाठवताना त्यांवर शिक्का मारायचं काम माझ्याकडे होतं. हातात घेतलं की वाटायचं, एकदा फोडून वाचावं. कोणीतरी तर वाचायला हवं."

चहा गार झाला. मी तसाच प्यायले.

१७ सप्टेंबर, बुधवार

अशक्तपणा. व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून आले, पिशवी हातात घेऊन. सरस्वती म्हणाली, "अक्का, हे तर चांगलं चालतात, नळी काढू का?" मी तिला म्हटलं, "तुला कोणी विचारलं?" जरा जास्तच तोडून बोलले. उद्या तिला गोड बोलायला हवं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सातला ड्यूटीवर आले तर अकरा नंबरचा पलंग हलत होता. दात वाजताहेत, तीन ब्लँकेटं घातली तरी थंडी थांबेना. ताप एकशे तीन. पिशवीतली लघवी गढूळ.

तपासणीला पाठवली. डॉक्टरांनी नळी बदलायला लावली, सलाईन, इंजेक्शनं सुरू केली. मग रजिस्टर उघडून पाच दिवसांचा तो रकाना वाचला. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, "मी रोज विचारायला हवं होतं. माझंही चुकलं."

मला फार राग आला. चुकलं काय त्यात? म्हाताऱ्या माणसाला ताप येतो.

२१ सप्टेंबर, रविवार

सुट्टी होती. सकाळपासून तिथेच होते.

ब्लडप्रेशर खाली गेलं होतं. जंतू रक्तात उतरले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. विठ्ठलराव भ्रमात होते. माझा हात धरून कानडीत कोणाला तरी सांगत होते, टपालाची थैली बंद करू नका, अजून एक पत्र यायचंय. मी म्हटलं, नाही करत. हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बंगळूरला फोन लावला. वत्सलाबाईंच्या मुलीची परीक्षा, नवरा परदेशी. "बारा तारखेच्या आधी निघता येत नाही हो, पण तुम्ही आहात ना तिथे?" असं म्हणून रडल्या.

रजिस्टरात लिहिलं: तासातासाला लघवी मोजण्यासाठी. हे कारण खरं आहे. हे लिहिताना माझा हात का थांबला, ते मला कळलं आहे, पण आज ते लिहिणार नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ब्लडप्रेशर सावरलं. ताप आहे, पण शुद्धीवर आहेत. मला बघून म्हणाले, "अंबूताई, बारा तारखेला किती दिवस?" मी म्हटलं, पुष्कळ आहेत. मोजून बघितले. एकोणीस.

डॉक्टरांनी दोन्ही वॉर्डांचा तीन आठवड्यांचा हिशेब काढला. माझ्याकडे एकोणीस जणांना नळी, सात जणांना ताप. बायकांकडे सतरा जणींना नळी, तापल्या दोघी. रेश्माच्या वॉर्डात! मी डॉक्टरांना म्हटलं, मोजण्यात चूक झाली असेल. ते म्हणाले, "मी तीनदा मोजलं, सिस्टर."

मग मी आपली थर्मामीटर मागायच्या निमित्ताने समोर जाऊन आले. चारची वेळ होती. हात धुण्यात त्यांचं काही जास्त नाही, कमीच. भांडी आमच्यासारखीच. फरशीवर सांडलेला चहा वाळलेला. पिशव्या तर साऱ्या लोकांसमोर पलंगाखाली तशाच लोंबताहेत, लाज म्हणून नाही. वेगळं असं काहीच दिसलं नाही. हात हलवत परत आले.

२४ सप्टेंबर, बुधवार

नीट लिहिते.

साडेतीनला हणमंत फरशी पुसून गेला. चारला मी अकरा नंबरशी स्टूल घेऊन बसले. विठ्ठलरावांना वाचायची ताकद नाही, म्हणून जाहिराती मीच वाचत होते. चादर सरकली होती. ती ओढायला वाकले आणि पिशवीकडे, नळीकडे बघितलं. किती वर्षांनी नीट बघितलं कोण जाणे. पिशवी अर्धी भरलेली, त्यांच्या पायांवर कलंडून पडलेली. आणि नळीतली लघवी चालत होती. उलटी. पिशवीकडून त्यांच्याकडे.

पिशवी खाली घेतली. लघवी पुन्हा खाली वाहायला लागली. वर ठेवली. उलटी फिरली. खाली घेतली.

साधी गोष्ट आहे. पाणी खाली वाहतं. पिशवी कमरेच्या खाली हवी हे पुस्तकात आहे, मी मुलींना शिकवते, परीक्षेत विचारते. आणि रोज अडीच तास, बावीस वर्षं, माझ्याच नियमाने पिशव्या वर. जंतू झालेली शिळी लघवी माणसाच्या पोटात परत. वर मी स्वतःच्या हाताने चादर ओढून द्यायची, आणि शेजारी बसून चहा प्यायची.

"अंबूताई, जाहिरात अर्धीच राहिली," विठ्ठलराव म्हणाले.

मी ती पूर्ण वाचली. एक शिवणयंत्र विकायचं होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हणमंतला बोलावून म्हटलं, उद्यापासून पिशव्या वर घ्यायच्या नाहीत. तो माझ्याकडे बघतच राहिला. "नीवऽ हेळिद्रल्ल, अक्का? तुम्हीच सांगितलं होतं की. एकदा विसरलो तर पगार कापीन म्हणाला होतात."

"हो रे बाबा, मीच सांगितलं. माझं चुकलं."

बावीस वर्षांत हे वाक्य त्याने माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. बिचारा घाबरला. मला बसायला खुर्ची आणून दिली.

मग डॉक्टरांकडे गेले. पिशव्यांचं सगळं सांगितलं, नियम कोणाचा तेही. वाटलं होतं, बोलतील, निदान सुस्कारा तरी टाकतील. ते उठून वॉर्डात आले, स्वतः पिशवी वर-खाली करून बघितली आणि म्हणाले, "सिस्टर, हे मी जवळजवळ तीन महिने रोज या वॉर्डात येऊन बघितलं नाही. मी येतो सकाळी, तेव्हा पिशव्या खालीच असतात."

मी म्हटलं, "पण लोकांसमोर पिशवी नको. तेवढं तरी राखायला हवं."

"मग झाका. पण खाली झाका."

एवढं साधं होतं. पडद्याचं हिरवं कापड शिल्लक होतं, ते घरी आणलंय. पिशवी पलंगाखाली लटकलेली असतानाच तिला वरून अभ्रा घालता येईल, जमिनीला टेकणार नाही असा. मशीन तेल घालून ठेवलं. नऊ अभ्रे बेतले.

पिशव्यांचं सगळ्यांना सांगून झालं. दुसरं अजून कोणाला सांगितलेलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सुट्टी असूनही गेले. ताप उतरला. राउंडला डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारण्याआधीच मी म्हटलं, "कारण उरलेलं नाही," आणि नळी काढली. दुपारपर्यंत काळजी होती. अडीचला विठ्ठलरावांनी भांडं मागितलं. जमलं. मला आनंदाने रडू आलं, ते मी साठवणीच्या खोलीत जाऊन आवरलं.

हिरवे अभ्रे लागलेत. ट्रस्टी आले होते, म्हणाले, "वा, अंबूताई, आता कसं छान दिसतंय!" त्यांना दिसण्यापुरतंच कळतं. माझंही इतकी वर्षं तेच होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

उभं केलं. दोन माणसं धरायला, तरी गुडघे थरथरले आणि लगेच बसले. सतरा तारखेला व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलेला माणूस. मांड्या पार वाळल्यात. डॉक्टर म्हणाले, "या वयात दहा दिवसांचा असा ताप म्हणजे दोन महिने मागे. चालतील, पण बारापर्यंत नाही."

विठ्ठलराव माझ्याकडे बघत होते. मी उशी सारखी करत राहिले.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज सांगितलं. चारला स्टूल घेतलं, चहा घेतला नाही.

म्हटलं, "विठ्ठलराव, तेरा तारखेला डॉक्टर नळी काढा म्हणाले होते. मी काढू दिली नाही. तुम्ही अशक्त नव्हता. काढली असती तर ताप आला नसता कदाचित, आणि आज तुम्ही मळमड्डीत असता."

"ठाऊक आहे की."

"कसं?"

"मला ऐकू येतं, अंबूताई. डॉक्टर माझ्या पलंगाशी उभे राहूनच बोलले होते." मग चादरीची किनार चाचपत म्हणाले, "मीही नाही म्हटलं नाही. काढा म्हणायला मला काय तोंड नव्हतं? उठून जाता येत होतं मला. पण नळी गेली की घरी जायचं. आणि चारला तुम्ही यायचात."

शेजारच्या पलंगाशी कोणाचा तरी नातू उड्या मारत होता. एवढं वाईट मला बाबांच्या परत आलेल्या पत्रांनीही वाटलं नव्हतं, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं, ते मला सांगता येणार नाही.

सहाला उठताना ते म्हणाले, "पण बंगळूर लागलं बघा नशिबी."

१२ ऑक्टोबर, रविवार

वत्सलाबाई आल्या. भली बाई आहे, वडिलांचं तोंड आहे तिला. विठ्ठलरावांनी तिच्यासमोर वॉकर धरून उठायचा फार प्रयत्न केला. चार पावलं टाकली, पाचव्याला मी धरलं. ती म्हणाली, "राहू दे अप्पा. बोलणं झालं होतं ना आपलं?" मळमड्डीचं घर भाड्याचंच आहे. मालकांना कळवलं म्हणाली.

मग मला बाहेर व्हरांड्यात बोलावून एक साडी हातात दिली. "सिस्टर, तुम्ही त्यांना घाईने घरी पाठवलं नाहीत, फार उपकार झाले. घरी एकटे असताना असा ताप आला असता तर?"

मी साडी परत तिच्या हातात दिली. म्हटलं, "वत्सलाबाई, घरी असते तर ताप आला नसता. नळी ठेवायला नको होती, ती मी ठेवली. तुमच्या वडिलांची मळमड्डी माझ्यामुळे गेली."

साडी तिच्या हातात तशीच राहिली. मग ती आत गेली आणि सामान बांधायला लागली. मला वाटतं तिने ते ऐकलं. क्षमा केली की नाही ते मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दहाला गाडी आली. हणमंतने खुर्ची ढकलली, मी मागून औषधांची पिशवी घेऊन. विठ्ठलराव गाडीत बसले आणि काच खाली करून म्हणाले, "अंबूताई, पत्ता देऊन ठेवलाय सरस्वतीपाशी. पत्र टाका. मी नकार देणार नाही."

गाडी गेली. अकरा नंबरची चादर बदलायला लावली. दुपारी एक हर्नियाचा पेशंट आला. चारला मी टेबलापाशीच बसले, चहा तिथेच प्यायले.

लोक गेल्यावर रजिस्टर काढलं. तेरा ते सतरा सप्टेंबर, अकरा नंबर. पाच दिवस, पाच वेळा अशक्तपणा. पाचही खोडले. काय लिहावं सुचेना. मग जे होतं ते लिहिलं आणि खाली सही केली. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वाचलं, पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. "हे पान राहू दे," एवढंच म्हणाले.

३१ डिसेंबर, बुधवार

निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. डॉक्टरांनी आकडे वाचून दाखवले: गेल्या दोन महिन्यांत पुरुषांच्या वॉर्डात चौतीस नळ्या, ताप दोघांना. रेश्मा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. तिच्या वॉर्डालाही मी सहा हिरवे अभ्रे शिवून दिलेत. सालं अजून पलंगाखाली असतात.

बंगळूरहून तीन पत्रं आलीत. शेवटच्या पत्रात आहे: आता काठी घेऊन खिडकीपर्यंत जातो, सहाव्या मजल्यावरून माणसं फार लहान दिसतात, चारला चहा येतो, स्टूल मागवून ठेवलंय, त्यावर वर्तमानपत्र असतं.

समारंभानंतर सरस्वतीला चाव्या दिल्या आणि रजिस्टर दिलं. ती नवी इनचार्ज. पानं चाळता चाळता सप्टेंबरपाशी थांबली.

"अक्का, इथे खोडलंय."

"वाच."

तिने वाचलं, "कारण पेशंटचं नव्हतं, सिस्टरचं होतं." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे काय, अक्का?"

साडेतीन वाजले होते. हणमंत बादली घेऊन आला, पिशव्यांना हात न लावता पलंगांच्या कडेकडेने पुसायला लागला. खाली नऊ हिरवे अभ्रे लटकत होते.

मी सरस्वतीला म्हटलं, "एखाद्या दुपारी चारला तुला कोणाच्या तरी पलंगाशी बसावंसं वाटेल. माणूस गेला तर करमणार नाही, असं वाटेल. वाटतं तसं, त्यात लाज नाही. खुशाल बस. पण बसायच्या आधी त्याची नळी काढ."